मालक गेल्यावर तलावाचं काय होतं?

लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये अगदी वरच्या पातळीवर 'मेंटेनर्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. कर्नलच्या कुठल्या भागाची काळजी कोण घेतं, त्याची ही यादी. प्रत्येक भागापुढे माणसांची नावं आणि त्या भागाची अवस्था सांगणारा एक शब्द. 'सपोर्टेड' म्हणजे हे बघायला कुणाला तरी पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी खरोखर बघतंय. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण त्याला फारसा वेळ नाही. आणि 'ऑर्फन' म्हणजे अनाथ. कोड आहे, चालतोही आहे कदाचित, पण वाली कोणी नाही.

मी चंद्रपूरचा. त्यामुळे ही फाइल वाचताना मला दरवेळी आमच्याकडचे मामा तलाव आठवतात. बाहेरच्या मंडळींसाठी खुलासा : यातला 'मामा' आईचा भाऊ नव्हे. माजी मालगुजारी, त्याचं लघुरूप मामा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा, आणि पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यांची अशीच एक फाइल केली, तर किती तलावांपुढे 'ऑर्फन' लिहावं लागेल?

या शनिवारचा विषय एन.एफ.एस., म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. पण त्याचा इतिहास मी या तलावांच्या शेजारी ठेवून सांगणार आहे. कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. एक गोष्ट एकाने बांधली, वापरतात सगळे, आणि एक दिवस बांधणारा निघून गेला. पुढे काय?

आधी तलाव. गोंड राजांच्या काळात या भागात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळत असे, असं परंपरा सांगते. कोहळी समाज या कामात तरबेज. उतार बघून मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवायचा, शेताकडे पाट काढायचे. अनेक ठिकाणी एका तलावाचं सांडवलेलं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्या खालच्यात, अशी माळच. पुढे भोसल्यांचं राज्य आलं, मग इंग्रजांचं. गावाचा सारा भरण्याची जबाबदारी घेणारा तो मालगुजार, आणि इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात त्याला गावाची मालकीच देऊन टाकली. तलाव त्याच्या नावावर, पण पाणी गावाचं. धानवाल्यांना पाणी सोडून हवं, ढिवरांना मासळीसाठी ते तलावात राहायला हवं, गुरांना उन्हाळ्यात थोडं तरी उरायला हवं. हे सगळं सांभाळून दरवर्षी पाळ दुरुस्त व्हायची, गाळ निघायचा, पाट साफ व्हायचे.

हे फार गोड होतं असं समजू नका. मालगुजारी म्हणजे वेठबिगारही होती. गाळ काढायला कोणी हौसेने जात नसे. पण गाळ निघत होता, एवढं खरं.

आता एन.एफ.एस. ही सन मायक्रोसिस्टिम्सची निर्मिती. काम १९८४ साली सुरू झालं आणि १९८५ मध्ये सन-ओएस २.० बरोबर ती बाजारात आली. त्या वर्षीच्या युझनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर निबंध वाचला. कल्पना सोपी : फाइल दुसऱ्या मशीनवर आहे, पण तुमच्या प्रोग्रॅमला ते कळताच कामा नये. ओपन, रीड, राइट सगळं नेहमीसारखं. त्यासाठी त्यांनी कर्नलमध्ये एक मधला थर घातला. वरून सगळ्या फाइल सिस्टिम सारख्याच दिसतात, आणि खाली डिस्क आहे की नेटवर्क, ते तो थर बघतो. आज प्रत्येक युनिक्ससारख्या कर्नलमध्ये असा थर असतो.

दुसरी कल्पना जास्त धाडसी. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही! कोणत्या क्लायंटने कोणती फाइल उघडली आहे, कुठपर्यंत वाचली आहे, काहीही नाही. क्लायंटने दरवेळी पूर्ण विनंती पाठवायची : 'या फाइलचा इथून इथपर्यंतचा तुकडा दे.' फायदा असा की सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी कुणाचं काही बिघडत नाही. क्लायंट उत्तर येईपर्यंत तीच विनंती पाठवत राहतो. ज्यांनी ऑफिसात कधी एन.एफ.एस.वर होम डिरेक्टरी ठेवली आहे, त्यांना 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' हा संदेश पाठ असेल. माझ्या पहिल्या नोकरीत (नाव नको) महिन्यातून एकदा तरी तो यायचा, आणि अख्खा मजला चहाला जायचा. टर्मिनल गोठलेलं, किल मारून प्रोसेस मरत नाही. पण सर्व्हर आला की 'ओके', आणि अर्धवट राहिलेली कमांड जिथे होती तिथून पुढे चालू. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, १९८५ साली केलेला विचार किती पक्का होता.

लिनक्समध्ये हा कोड आला तो मात्र सनकडून नव्हे. सनने प्रोटोकॉलचं वर्णन खुलं केलं होतं (१९८९ चा आरएफसी १०९४), त्यामुळे कोणालाही आपला कोड लिहिता येत होता. १९९२ च्या सुमारास रिक स्लॅडकी याने लिनक्सचा पहिला क्लायंट लिहिला. सर्व्हर आधी कर्नलच्या बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा चालायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ओलाफ किर्श याने तो कर्नलमध्ये आणला, आणि १९९९ च्या २.२ कर्नलबरोबर तो सगळ्यांपर्यंत पोचला. मग ऑस्लो विद्यापीठातल्या ट्रॉन्ड मिकलबुस्टने क्लायंट हातात घेतला, ऑस्ट्रेलियातल्या नील ब्राउनने सर्व्हर. चौथ्या आवृत्तीचं काम मिशिगन विद्यापीठात झालं. तिथले ब्रूस फील्ड्स पुढे बरीच वर्षं सर्व्हरचे मेंटेनर होते. २०२२ च्या सुरुवातीला ते बाजूला झाले आणि जबाबदारी चक लीव्हर यांच्याकडे गेली. नंतर जेफ लेटनही जोडीला आले. क्लायंटकडे ट्रॉन्डबरोबर ॲना शूमेकर.

मोजा. तीस-बत्तीस वर्षं, आणि नावं दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढी. पॅच पाठवणारे शेकडो, पण शेवटी 'हे आत घ्यायचं की नाही' ठरवणारे एवढेच. विंडोज शेअरिंगच्या बाजूचा जो सिफ्स कोड आहे, त्याच्या श्रेयनामावलीत, बाय द वे, एक नाव वाचून बरं वाटतं : शिरीष पारगावकर, 'अनेक वर्षं पाठवलेल्या ए.सी.एल. पॅचेससाठी'. फाइल कोणी वाचायची, कोणी नाही, हे ठरवणारा तो भाग. अशा कामाला ना लॉन्च असतो ना केक. एक ओळ मिळते. ती तरी मिळते!

मेंटेनर नेमकं करतो काय? एक उदाहरण जरा सावकाश सांगतो, कारण सगळं मर्म त्यात आहे.

एका फोल्डरमध्ये एक लाख फाइली आहेत. तुम्ही एलएस मारता. सर्व्हर सगळी नावं एकदम पाठवू शकत नाही, म्हणून हप्त्याहप्त्याने पाठवतो. पण मगाशी म्हटलं तसं, सर्व्हरला काही आठवत नाही. मग पुढचा हप्ता कुठून द्यायचा? यासाठी प्रत्येक नावाबरोबर सर्व्हर एक आकडा देतो, पुस्तकात खूण घालतो तसा. क्लायंटने तो आकडा परत पाठवायचा : 'या खुणेच्या पुढचं दे.' जुन्या युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे एकापुढे एक लिहिलेली सरळ यादी, त्यामुळे खूण म्हणजे यादीतली जागा. चार बाइट पुरेसे होते. १९८५ च्या प्रोटोकॉलने तेवढेच ठेवले.

पुढे फोल्डर मोठे झाले, सरळ यादी परवडेना. २००२ च्या सुमारास लिनक्सच्या एक्स्ट३ मध्ये नावांचं हॅश काढून झाडासारखी रचना आली. आता नावं हॅशच्या क्रमाने, आणि खूण म्हणजे तो हॅश. पण चार बाइटांत दोन वेगळ्या नावांचा हॅश एकच येऊ शकतो. वाढदिवसाचं कोडं आठवतं ना? वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तेच गणित ३२ बिटांना लावा : साधारण ७७ हजार नावं झाली की कुठेतरी जोडी जुळण्याची शक्यता निम्मी होते. आणि जुळली की क्लायंट गोंधळतो. तीच खूण दोनदा! एक तर नाव सुटतं, किंवा एलएस गोल गोल फिरत बसतं.

तिसऱ्या आवृत्तीने १९९५ सालीच खुणेला आठ बाइट दिले होते, पण आतली फाइल सिस्टिम त्यांचा उपयोग करत नव्हती. मे २०१२ च्या ३.४ कर्नलमध्ये एक्स्ट४ ने तो केला. प्रश्न सुटला? नाही. ग्लस्टर-एफएस नावाची दुसरी एक नेटवर्क फाइल सिस्टिम आहे. ती अनेक सर्व्हरांचे फोल्डर एकत्र करून दाखवते. कोणतं नाव कुठल्या सर्व्हरवरून आलं, ते ती त्याच आठ बाइटांतल्या वरच्या रिकाम्या जागेत लिहून ठेवत होती. जागा रिकामी असेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं ती रिकामीच होती. ती एकदम भरली आणि ग्लस्टर मोडलं. २०१३ मध्ये यावर भरपूर वाद झाला. कर्नलचा पहिला नियम : चालू प्रोग्रॅम मोडायचा नाही. पण बदल मागे घ्यावा तर एन.एफ.एस.वाल्यांचा जुना घोळ परत. शेवटी ग्लस्टरनेच आपल्या बाजूने वाट काढली.

हा गाळ आहे. कोणाची चूक नाही, कोणी कचरा टाकला नाही. प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी माती येते आणि तळाशी बसते. १९८५ चे चार बाइट २०१२ साली दुसऱ्याच कुणाच्या पायात येतात. आणि गाळ काढायचा तर तलाव रिकामा करता येत नाही, खाली धान उभा आहे. एन.एफ.एस.ची दुसरी आवृत्ती नवीन सर्व्हर बांधताना वगळण्याची सोय आली ती फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलमध्ये! अडतीस वर्षांनी, आणि तीही 'वगळायची असेल तर वगळा' अशी.

आता मुद्द्याकडे येतो.

मालगुजारी गेली ती ३१ मार्च १९५१ रोजी. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि तिथल्या विधिमंडळाने १९५० साली केलेला कायदा त्या दिवशी लागू झाला. जायलाच हवी होती ती, याबद्दल वाद नाही. तलाव सरकारजमा झाले. पुढे महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषदा आल्या, बहुतेक तलाव त्यांच्याकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गावाचे निस्ताराचे हक्क कागदावर राहिले. पण पाळ कधी दुरुस्त करायची, किती जणांनी यायचं, भांडण झालं तर कोणी मिटवायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते माणसांच्या सवयीत होतं. मालक बदलला आणि सवय तुटली. गावाला वाटलं आता तलाव सरकारचा, सरकारला वाटलं तलाव गावाचा. गाळ साचला, बेशरमचं रान माजलं, काठाने अतिक्रमणं झाली. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी योजनांतून काही तलावांचा गाळ निघाला, काही ठिकाणी गावकरी आणि ढिवरांच्या संस्थांनी मनावर घेतलं. पण मधली साठ वर्षं गेली ती गेलीच.

एन.एफ.एस.चा मालकही गेला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि सन हे नाव संपलं. एन.एफ.एस.ला काही झालं का? त्याच महिन्यात ४.१ आवृत्तीचा आरएफसी ५६६१ निघाला. सहा वर्षांनी ४.२ आली. आज तुमच्या क्लाउडवाल्याकडे 'शेअर्ड फाइल स्टोरेज' मागा, बहुतेक वेळा पडद्यामागे एन.एफ.एस.च असते.

फरक कुठे पडला? १९९८ साली. त्या वर्षी सनने एक करार केला, तो आरएफसी २३३९ म्हणून छापलेला आहे. त्यात एन.एफ.एस.मध्ये पुढे बदल करण्याचा अधिकार सनने इंटरनेट सोसायटीकडे, म्हणजे आयईटीएफकडे सोपवला. सन तेव्हा जोरात होती, कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. आणि अधिकार गेला कुणाकडे? नुसत्या एखाद्या खात्याकडे नाही. जे रोज ही गोष्ट बांधत आणि वापरत होते, त्यांच्याच बैठकीकडे. सनची माणसं त्या बैठकीत राहिली, नेटॲपची आली, विद्यापीठांतली आली. लिनक्सचा कोड तर आधीपासूनच दुसऱ्यांच्या हातात होता. म्हणून बारा वर्षांनी मालक गेला तेव्हा काम करणारे हात तिथेच होते. १९५१ मध्ये हक्क एकीकडे गेला आणि काम दुसरीकडे राहिलं. १९९८ मध्ये दोन्ही बरोबर गेले.

हे फक्त अमेरिकेत होतं असं नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पण हा हक्क रिकाम्या हातात पडला नाही. देवाजी तोफा आणि गावकरी, बरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र, यांनी त्याआधी वीसेक वर्षं ग्रामसभा आणि अभ्यासगट चालवले होते. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही आक्षेप असला की पुन्हा बसायचं. वेळ लागतो, पण ठरलं की सगळे पाळतात.

आयईटीएफमध्येही मतदान नसतं. तिथे 'साधारण सहमती आणि चालणारा कोड' असं म्हणतात. मेंढ्याइतकी कडक सहमती नाही ती, पण कारण तेच. मतदानाने हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाळ काढायला येत नाही!

ही सगळी व्यवस्था विश्वासावर चालते, म्हणून नाजूकही आहे. एप्रिल २०२१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून एन.एफ.एस.च्याच खालच्या आरपीसी थरासाठी एक निरर्थक पॅच आला. याच विद्यापीठातल्या काही संशोधकांनी आधी मुद्दाम सदोष पॅच पाठवून, मेंटेनर ते पकडतात का, यावर निबंध लिहिला होता. हा नवा पॅच वेगळ्या कामाचा, एका टूलने सुचवलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. पण तोवर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचा संयम संपला. विद्यापीठाचे पॅच घेणंच बंद झालं आणि जुने जवळपास दोनशे पॅच पुन्हा तपासायला काढले गेले. संशोधकांनी माफी मागितली, निबंध मागे घेतला. पण ते दोनशे पॅच तपासण्याचे तास कुणाचे गेले? त्याच बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचे.

दुसरा नाजूकपणा पगाराचा. यातले जवळजवळ सगळे मेंटेनर आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत नोकरी करतात. चक लीव्हर तर ओरॅकलमध्येच. कंपनीला जोवर एन.एफ.एस. हवी आहे, तोवर 'सपोर्टेड'. म्हणजे थोडासा मालगुजार अजून शिल्लक आहे. फरक एवढाच की एकाने हात काढला तर तलाव जप्त होत नाही. सोर्स सगळ्यांकडे आहे, चर्चा उघड्यावर आहे, आणि दुसरा कोणी तयार झालेला असेल तर तो उभा राहू शकतो.

पण 'तयार झालेला असेल तर' हे महत्त्वाचं. पुण्यात नव्वदच्या दशकात व्हेरिटास आली, तेव्हापासून फाइल सिस्टिम आणि स्टोरेज जाणणाऱ्या इंजिनियरांच्या दोन पिढ्या इथे घडल्या. माझे अर्धे मित्र त्यातलेच. आम्ही सगळे या तलावाचं पाणी पितो, त्यावर प्रॉडक्ट बांधतो, पगार घेतो. पॅच पाठवणं तर चांगलंच, पण मेंटेनरना त्याहून जास्त टंचाई आहे ती दुसऱ्याचा पॅच नीट वाचणाऱ्यांची. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त शनिवारचे दोन तास लागतात. मी सर्व्हरच्या कोडपासून सुरुवात केली आहे. फोल्डर वाचण्याचा तो खुणांचा भाग आधी वाचा, मघाच्या गोष्टीमुळे बराचसा कळेल.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना एक विनंती. दिवाळीला घरी जाल तेव्हा गावच्या तलावाची पाळ एकदा चालून या. तो कोणाच्या ताब्यात आहे, शेवटचा गाळ कधी निघाला, सांडव्याचं पाणी पुढे कुठे जातं, मासळीचा हक्क कुणाकडे आहे, एवढं विचारा आणि लिहून ठेवा. तलावाचं नाव, माणसांची नावं आणि पुढे एक शब्द. कोणता ते तिथे गेल्यावरच कळेल.